कथिलाचा चंबू

जी गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नाही, बायकोलाही नाही, ती अशी: कुंभकोणमला असताना मी माझ्या घरमालकांचा कथिलाचा चंबू स्टोव्हवर वितळवला, आणि उरलेला गोळा गुपचूप त्यांच्या शेगडीवर नेऊन ठेवला. त्यांना वाटलं, आपल्याच हातून झालं. मी वाटू दिलं.

लिहून काढलं तर चार ओळींत बसलं. पोटात मात्र इतकी वर्षं मावत नव्हतं.

आत्ताच का सांगतोय, त्याचं कारण साधं आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे गॅस चालू राहिला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच ठेवलात." मी ठेवला नव्हता. सकाळपासून मी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नव्हतं. पण घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की क्षणभर मलाही वाटलं, ठेवला असेन बुवा. आणि लगेच मला कुंभकोणमचे मामा दिसले, ओल्या पंच्यानिशी शेगडीपुढे उभे असलेले.

मामा म्हणजे माझे घरमालक. गाव त्यांना 'रायर' म्हणायचं. मराठी ब्राह्मणाला तिकडे रायरच म्हणतात. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांचं घराणं तिकडे गेलं, आणि जाताना जी मराठी बरोबर नेली तीच त्यांनी जपून वापरली. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कोठून येणें जाहलें?" मला वाटलं, आत नाटकाची तालीम चालू आहे. मी पंचविशीचा, मिरजेकडचा, मुंबईच्या एका भांड्यांच्या कंपनीचा विक्रेता. तमिळ अजिबात येत नव्हतं. कुंभकोणमला एक मराठी म्हातारा एकटा राहतो आणि त्याची पुढची खोली रिकामी आहे, एवढ्या बातमीवर मी ट्रंक घेऊन तिथे पोचलो होतो.

मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ट्रंकेकडे पाहिलं. वाकून तिला मधल्या बोटाची टिचकी मारली, कान लावला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आंत काय आहे?"

"भांडी आहेत. स्टेनलेस स्टीलची. इकडे एवरसिल्व्हर म्हणतात ती."

"स्टेनलेस म्हणजे?"

"डाग पडत नाही."

"हा जाहला त्याचा नकार. तें काय करीत नाहीं तें सांगितलेंस. करितें काय?"

कंपनीनं दिलेल्या पत्रकात याचं उत्तर नव्हतं. तरी खोली मिळाली, कारण मराठीत भांडायला माणूस मिळाला याचाच त्यांना आनंद झाला होता.

ही टिचकी त्यांना नोकरीतून लागली होती. तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. कुंभकोणमहून भांड्यांची खोकी सगळ्या मुलखात जात. फॉर्मवर लिहिलेलं असायचं पितळ, आत असायचं भलतंच. मामा खोकं न उघडता वरून टिचकी मारून सांगत. रिटायर झाल्यावर खोकी गेली, टिचकी राहिली. त्या बोटाच्या नखाखाली घट्टा पडला होता. बसमध्ये चढले की आधी पत्र्याला टिचकी, मग कंडक्टरशी बोलणं. पोस्टमनच्या बिल्ल्याला टिचकी. एकदा डॉक्टर त्यांची छाती तपासायला वाकले, तर मामांनी त्यांच्या नळीच्या डबीला टिचकी मारली आणि म्हणाले, "निकल. वरचा मुलामा उडाला आहे. माझें काय तें तुम्हीं पाहा, हें मीं पाहिलें."

त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थाला धातू नेमलेला होता, आणि त्यात सूट नव्हती. पिण्याचं पाणी तांब्यात. कॉफी पितळेच्या पेल्यात, कल्हई ताजी असेल तर. जुनी झाली की कल्हईवाला येईपर्यंत कॉफी बंद. भात काशाच्या पातेल्यात. लोणचं चिनी मातीत, "कारण तें धातूशीं बोलूं लागलें म्हणजे दोघेंही बिघडतात." अॅल्युमिनियम घरात यायचं नाही. "तुरुंगांत देतात," ते म्हणायचे. मी म्हटलं, मामा, वजनाला हलकं, किमतीला हलकं, लवकर तापतं. "म्हणोनच," ते म्हणाले.

माणसांचंही तेच. पोस्टमास्तर अॅल्युमिनियम: लगेच तापतो, लगेच निवतो, एकदा पोचा आला की जन्मभर राहतो. समोरचे वकील जर्मन सिल्व्हर: "नांवांत सिल्व्हर, आंत सिल्व्हर नाहीं. चकाकी मात्र तीच." स्वतःला ते पितळ म्हणवत. रोज घासलं तर सोनं, दोन दिवस सोडलं तर कुणी ओळखणार नाही. मी कोण, असं मी पुष्कळदा विचारलं. ते माझ्याकडे मान तिरकी करून पाहत आणि म्हणत, "अजून वाजवून पाहिलें नाहीं."

एकदा मला त्यांनी स्वामीमलैला नेलं. तिथे देवांच्या मूर्ती ओततात. कारागिराच्या अंगणात एक अर्धी घासलेली पार्वती उभी होती, डोळे अजून कोरायचे होते. मामांचा हात गेलाच. टिचकी बसली, नाद उमटला, आणि मामा एकदम भानावर आले. त्यांनी दोन्ही हात जोडले, स्वतःच्या गालांवर मारून घेतलं आणि तिला तमिळमध्ये काहीतरी समजावलं. परत येताना बसमध्ये मी विचारलं, काय म्हणालात? "म्हटलें, आई, डोळे उघडले नव्हते तुझे, तर मीं मारली तें तूं पाहिलें नाहींस. पण आवाज उत्तम आहे हो तुझा."

या सगळ्यांत वरचा मान कथिलाचा. आपल्याकडे कथील म्हणजे कल्हई, भांड्याच्या पोटात फासायची. तिकडे अख्खं भांडं कथिलाचं करतात, ठोकून ठोकून. त्यात सार उकळतात, त्यांच्या भाषेतला रस्सम. मामांचा तो चंबू त्यांच्या बायकोनं लग्नात आणलेला. बाई जाऊन बारा वर्षं झाली होती. रंग चांदीसारखा, पण चांदीचा तोरा नसलेला. अंगावर ठोकल्याच्या बारीक खुणा, आणि इतका मऊ की जोरात धरला तर बोटं उमटतील. एकदा त्यांनी चंबूचा काठ माझ्या कानाशी आणून अगदी हलकेच दाबला. कुर्र असा आवाज आला, कोवळी काकडी मोडावी तसा.

"ऐकिलेंस? रडतें. कथील खरें असेल तर वांकवितांना रडतें. शिसें मिसळलें असेल तर गप्प बसतें."

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो. त्या चंबूतलं सार मी प्यायलो आहे. त्यावर लिहायची माझी लायकी नाही.

त्या चंबूचे नियमही होते. तो चिमट्यानं धरायचा नाही. चिंचेनं घासायचा, राखेनं नाही. आणि रिकामा विस्तवावर ठेवायचा नाही. मामांचे असे नियम पन्नास तरी होते. मंगळवारी पितळ पालथं घालू नये, हाही त्यातलाच एक. त्यामुळे कुठला नियम धातूचा आणि कुठला म्हातारपणाचा, हे मला कळत नव्हतं. मी सगळेच दुसऱ्या खात्यात टाकले होते. मी भांडी विकत होतो, धातू मला ठाऊक नव्हता. हे तेव्हा कबूल केलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

मामांना एकच मुलगी. ती उत्तरेला तिरुप्पनंदाळला दिलेली, बसनं तासाभराची वाट. महिन्यातून एकदा यायची, हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, आणि येताच भांडण सुरू करायची.

"अप्पा, एकट्यानें काय हें राहणें? चला मजबरोबर."

"तुझ्या घरांत चूल कोणाची?"

"माझ्या सासूची."

"मग मीं तेथें काय करूं? सासूच्या चुलीपुढें जावयाचा सासरा उकिडवा बसला आहे, बरें दिसेल काय?"

शेवटी एका भेटीत दोघांनी माझ्यादेखत तह केला. मामा म्हणाले, "ऐक. ज्या दिवशीं माझ्या हातून एक भांडें जळेल, त्या दिवशीं मीं आपण होऊन येईन. कार्ड टाकीन. तोंवर हा विषय नाहीं." मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे साक्षी." मी हसत म्हटलं, "साक्षी." मला ही अट पूर्ण माहीत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कुणाला दया येऊन माझ्यासाठी सबब शोधाविशी वाटेल.

आता वकिलांच्या मुलीचं लग्न. तिकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीला द्यायची भांडी मांडवात चटईवर ओळीनं मांडतात आणि वरपक्षाची वडील माणसं येऊन ती पाहतात, हातात घेतात, वाजवतात. आमच्या भागातल्या कुठल्याही लग्नात हे वाजवणं मामांकडे असे. दोन्ही पक्ष त्यांना बोलावत. मामा चटईच्या कडेकडेनं उकिडवे सरकत जायचे, टिचकी, कान, टिचकी, कान, आणि शेवटी "सरस" असं म्हणाले की बायका श्वास सोडायच्या. एका लग्नात त्यांनी एका समईपाशी थांबून नुसतं "हं?" म्हटलं, तर मुलीचा बाप स्वतः समयांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाचियार्कोविलला जाऊन नवी समई घेऊन आला. तीही शुद्ध पितळेची, आणि जेवणाची पंगत बसायच्या आत.

वकिलांना मात्र पितळ नको होतं. मद्रासला मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी एवरसिल्व्हर पाहून आल्यापासून त्यांना तहान लागली होती. सगळी भांडी माझ्याकडून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. अडली ती नवऱ्या मुलाची आजी. "नातसुनेनं पत्र्यात भात शिजवायचा?" ती म्हणाली. खूप वादावादी झाल्यावर ठरलं, रायर वाजवतील, रायर म्हणतील तसं.

वकील संध्याकाळी मामांकडे आले. मोडकी मराठी त्यांना येत असे, पण रागावले की तमिळ. त्या दिवशी ते मराठीतच बोलले, म्हणजे गरज मोठी होती.

"रायर, तुम्ही फक्त मान हलवायची. जास्त काही नाही."

"मान धातूवर हालते, वकीलसाहेब. मीं हालवीत नाहीं."

"अहो, पण तुमचाच भाडेकरू आहे, त्याचंही भलं होईल!"

"तो भाडेकरू खोलीचा आहे. कानाचा नव्हे."

वकील गेले. मी मामांना विचारलं, खरंच, माझ्या भांड्यांना काय म्हणाल? ते म्हणाले, "काय म्हणूं? टिचकी मारली तर ठण्ण करून गप्प. पुढें कांहीं नाहीं. आजीबाईंना मीं खोटें सांगणार नाहीं. वाईट आहे असें म्हणणार नाहीं, चांगलें आहे हें मज ऐकूं आलें नाहीं असें म्हणेन."

म्हणजे माझं काम संपलं होतं. अख्ख्या गावाचा कान त्या एका बोटाच्या टोकावर होता.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. कंपनीनं आम्हाला एक प्रात्यक्षिक शिकवलं होतं. स्टीलचा रिकामा पेला विस्तवावर ठेवायचा, चांगला तापू द्यायचा, मग थंड पाण्यात टाकायचा. पेला जसाच्या तसा. मी म्हटलं, मांडवात हे करू, पण नुसतं नाही. शेजारी रायरांचा प्रसिद्ध चंबू ठेवू. रिकामा ठेवायचा नाही म्हणतात ना? म्हणजे काळा पडत असेल, फार तर बूड वाकडं होत असेल. लोकांना आपोआप दिसेल. मामांना हरवायचं होतं मला, खोटं कशाला सांगू. त्या एका बोटाला.

मांडव उद्यावर होता. सकाळी मामा शेगडी पेटवून, वर वरणाचं पातेलं ठेवून कावेरीवर आंघोळीला गेले. चंबू घासून फळीवर पालथा होता. मी म्हटलं, एकदा घरी करून पाहू. चंबू घेऊन माझ्या खोलीत आलो, स्टोव्ह पेटवला. पेला आधीच तापवून पाहिला होता, उत्तम. चंबू ठेवला आणि किती वेळ लागतो ते पाहायला घड्याळ काढलं.

घड्याळ बघायची वेळच आली नाही. आधी चंबूचं बूड आळसावलं, मांजरानं पाय ताणावेत तसं. मग त्यावर एकदम आरशासारखी चमक आली. मला वाटलं, अरे, हा तर उजळतोय! आणि तेवढ्यात तो गेला. स्टोव्हच्या जाळीतून चांदीच्या रंगाचं पाणी खाली ओघळलं, फरशीवर थेंब पळाले, आणि मी स्टोव्ह विझवेपर्यंत माझ्यासमोर फक्त चंबूचा गळा आणि काठ उरला होता, कुणी तरी बोलता बोलता निघून गेल्यासारखा.

त्यानंतर मी जे केलं ते घाबरून केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. घाबरलेला माणूस पळतो. मी फरशीवरचे थेंब एक एक खरवडून गोळा केले. फरशी पुसली. स्वयंपाकघरात गेलो, शेगडीवरचं वरणाचं पातेलं उतरवून नीट बाजूला ठेवलं, झाकण घातलं, आणि निखाऱ्यांवर तो थेंबांचा गोळा आणि कडेला तो गळा ठेवला. गोळा पुन्हा वितळून राखेत उतरला. मग मी खोलीत जाऊन दाढी करायला बसलो. साबण लावला होता. इतकं नीटनेटकं काम मी कंपनीसाठी कधी केलं नव्हतं.

मामा आले. स्तोत्र म्हणत यायचे, ते शेगडीपाशी थांबलं.

चिमटा उचलल्याचा आवाज आला. मग, "अरे, इकडे ये."

मी साबणासकट गेलो. मामा ओल्या पंच्यात उभे होते, हातात चिमटा, चिमट्यात चंबूचा काठ. चंबूला चिमटा लावू नये हा नियम त्यांनीच मोडला होता, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

"हें मीं ठेविलें काय?"

उत्तराला एकच शब्द पुरला असता.

"मी आत होतो मामा. दाढी करत होतो."

त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. घेतला असता तर मी कबूल केलं असतं, असं मला अजून वाटतं, आणि म्हणूनच त्याला काही किंमत नाही. ते शेगडीपुढे बसले आणि आपली सकाळ पहिल्यापासून आठवू लागले, पार्सल ऑफिसात हरवलेलं खोकं शोधावं तशी.

"शेगडी पेटविली. वरण ठेविलें. मग... पातेलें खालीं आहे. म्हणजे उतरविलें. कां उतरविलें? सारासाठीं. होय. सारासाठीं चोंबू घेतला असेन. फळीवरून... होय, घेतला. आठवतें." ते माझ्याकडे पाहून मान हलवू लागले. "आठवतें रे आतां. ठेविला, आणि पाणी घालायच्या आधीं पंचा शोधूं लागलों. स्पष्ट आठवतें."

माझ्या तोंडावरचा साबण वाळत होता. समोर एक माणूस न घडलेली गोष्ट एक एक करून आठवत होता, आणि प्रत्येक तुकडा माझ्या सोयीचा होता.

त्याच दुपारी त्यांनी कार्ड लिहिलं. मीच टपालात टाकलं, त्यामुळे वाचलं. 'भांडें जळालें. येणें.' एवढंच.

दुसऱ्या दिवशी मांडवात भांडी मांडली होती. माझं स्टील उन्हात असं चमकत होतं की बायका डोळ्यांवर हात धरून पाहत होत्या. मामा आले, चटईपाशी गेले, आणि बसलेच नाहीत. उभ्यानंच तमिळमध्ये बोलले. नंतर वकिलांनी मला शब्दन् शब्द सांगितलं: "काल मी रिकामं कथील विस्तवावर ठेवलं. ज्याला आपलं कथील सांभाळता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या पितळेला बोट लावू नये. आजपासून मला बोलावू नका."

मांडवात कुणी हसलं नाही. आजी म्हणाली, "अय्यो रायर, माझ्या हातून तर वर्षाला दोन जळतात!"

"तुम्ही वाजवत नाही, आजी," मामा म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

आता भांडी पास कोण करणार? वकिलांनी मला पुढे ढकललं. मी प्रात्यक्षिक केलं. पेला विस्तवावर तापवला, पाण्यात टाकला, चर्र झालं, पेला जसाच्या तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीनं पेला हातात घेतला, उलटा केला, वास घेतला, आणि म्हणाली, "चालेल." पुढल्या वर्षभरात त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरात मी भांडी दिली. आज माझं जे काही दुकान आहे, ते त्या चटईवर उभं राहिलं.

टाळ्या थांबल्यावर मामा मराठीत, माझ्यापुरतं म्हणाले, "चांगला धातु आहे. मज काल कळलें नव्हतें. विसराळू माणसासाठीं केला आहे. मज एक चोंबू दे यांतला."

मी दिला. त्यांनी तो घेतला आणि टिचकी मारली नाही.

दोन दिवसांनी मुलगी आली. इतकी वर्षं चला चला म्हणणारी, आता चला म्हणेना. "अप्पा, एका चोंब्यासाठीं घर सोडतां?" मामा म्हणाले, "तह तह असतो." ते आत सामान बांधायला गेले तेव्हा ती ओट्यावर माझ्यापाशी आली आणि हळूच विचारलं, "तुम्हीं घरांत होतां. खरें सांगा. अप्पा विसरूं लागले आहेत काय? मज तर असें कधीं दिसलें नाहीं."

ही दुसरी संधी. पहिल्या वेळी मी प्रश्न चुकवला होता. या वेळी मी बोललो.

"थोडंसं," मी म्हटलं. "वयच झालं ना."

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते, तरी कुठेतरी सुटल्यासारखीही दिसली. आता काय करायचं ते तिला कळलं होतं.

निघताना मी मामांना हसत हसत विचारलं, म्हणजे हसायचा प्रयत्न करत, "मामा, मी कोणता धातू, ते राहिलंच." ते बैलगाडीत बसले होते, मांडीवर माझा स्टीलचा चंबू. म्हणाले, "मीं आतां वाजविणें सोडलें रे."

पुढे एकदा मी तिरुप्पनंदाळला गेलो, माल घेऊनच. मुलीचं घर चांगलं, माणसं प्रेमळ. हेच वाईट होतं. मामा झोपाळ्यावर बसले होते आणि सगळं घर त्यांना आठवण करून देत होतं. "अप्पा, आंघोळ झाली तुमची." "आजोबा, तुम्ही कॉफी प्यायलात." नातवंडं शर्यत लावून सांगायची. स्वयंपाकघराच्या दाराला खालून एक फळी लावली होती, मांजर येऊ नये म्हणून, असं मुलगी म्हणाली. घरात मांजर नव्हतं. काड्यापेटी उंच कोनाड्यात होती. मामा सगळ्यांना "होय काय? बरें" म्हणत. स्वभावानं सभ्य माणूस. घरची चार माणसं रोज दहा वेळा सांगतात तर ती कशाला खोटं सांगतील, असं म्हणून त्यांनी विसरणं मनावर घेतलं होतं, आणि बऱ्यापैकी जमवत आणलं होतं.

जेवणात सार होतं, स्टीलच्या भांड्यातलं. मी विचारलं, कसं आहे? ते म्हणाले, "गरम आहे." मग थोड्या वेळानं त्यांनी आपलं मधलं बोट मुठीत घेतलं आणि मूठ मांडीखाली ठेवली, कारण समोर नवी पितळी घागर होती.

दोन-तीन वर्षांनी मुलीचं पत्र आलं, मामा गेल्याचं. त्यात तिनं लिहिलं होतं की शेवटीं शेवटीं अप्पांना कशाची आठवण राहिली नव्हती, पण तुमचें नांव ते घेत. देशावरचा एक मुलगा होता, त्याजपाशीं मराठींत भांडतां येई. पत्राला मी उत्तर दिलं. चांगलं, लांबलचक, दुःखाचं उत्तर होतं ते. त्यात सगळं होतं, हे एक सोडून.

ती अजून तिरुप्पनंदाळलाच आहे. आता तिचीही साठी उलटली असेल. तिच्या घरात आता तिला कोण कशाची आठवण करून देतं, मला माहीत नाही. मला जे द्यायचं आहे ते द्यायला बस आहे, पोस्ट आहे, तोंड आहे. कधीच कशाची अडचण नव्हती.

तिनं ओट्यावर विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला देणं लागतो. ते असं: नाही. तुमचे अप्पा काहीही विसरले नव्हते. चंबू मी ठेवला होता.